विद्यार्थी कुठे बसला आहे, हे कधी विचारणार?

प्रति,
आंतरराष्ट्रीय दूरशिक्षणातून जीआयएस शिकवणारी विद्यापीठं आणि व्यावसायिक प्रशिक्षण देणाऱ्या संस्था यांच्या अभ्यासक्रम समित्या

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रवेश अर्जात माझं नाव विचारलं होतं, जन्मतारीख, आधीची पदवी, इंग्रजीच्या परीक्षेतले गुण, दोन शिफारसपत्रं. देशाचाही रकाना होता, पण तो फी कुठल्या गटातली लावायची एवढ्यापुरताच. मी नेमकी कुठे बसून शिकणार, डोंगरात की नदीच्या मुखाशी, भर शहरात की वाळवंटाच्या कडेला, हे अर्जात नव्हतं आणि पुढच्या दोन वर्षांत कुणाच्या तोंडीही आलं नाही. हिशेबनिसाचा अभ्यासक्रम असता तर मी हे मनावर घेतलं नसतं. जमाखर्चाला अक्षांश-रेखांश लागत नाहीत. पण जीआयएस म्हणजे जागेशी बांधलेली माहिती संगणकावर नकाशांत मांडून तपासायची विद्या; तिच्यातला 'जी' भूगोलाचा आहे.

मी जिथे शिकले त्या संस्थेचं नाव घेत नाही, कारण तक्रार एका संस्थेपुरती नाही. नोकरी सांभाळून, रात्री जागून मी दूरशिक्षणाने जीआयएसची पदव्युत्तर पदवी घेतली. नंतरची बरीच वर्षं याच कामात गेली, आणि आता अधूनमधून अशाच कोर्सची ट्यूटर म्हणून असाइनमेंटही तपासते. तेव्हा पुढे ज्या चुका दाखवणार आहे त्यांतल्या काही माझ्याच हातून घडलेल्या आहेत.

आधी ऋण मान्य करते. दुसऱ्या महायुद्धानंतर हवाई छायाचित्रांवरून नकाशे करायला शिकायचं, तर परदेशी जाऊन राहावं लागे. १९५० साली नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला आयटीसी ही संस्था निघाली ती याच शिक्षणासाठी. तिच्यामागे विलम स्खेरमरहॉर्न होते: मोजणीशास्त्राचे प्राध्यापक, आणि युद्ध संपल्यावर त्या देशाचे पहिले पंतप्रधान. १९७१ मध्ये संस्था एन्स्खेडेला हलली. देशोदेशीच्या मोजणी खात्यांतली माणसं महिनोन्‌महिने तिथे राहून शिकून परतली. देहरादूनला १९६६ मध्ये हवाई छायाचित्रं वाचायला शिकवणारी संस्था सुरू झाली, तीही आयटीसीच्या मदतीने. ज्याला रजा मिळे, शिष्यवृत्ती मिळे आणि घर सोडून राहणं जमे, तोच जाई. १९९० मध्ये युनिजीआयएस हे विद्यापीठांचं जाळं दूरशिक्षणातून हा विषय शिकवू लागलं. साल्झबर्ग, ॲम्स्टरडॅमची विद्यापीठं त्यात आहेत. १९९९ मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाने ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणला. २०१३ मध्ये त्याच विद्यापीठाच्या नकाशांवरच्या मोफत कोर्सला चाळीस हजारांहून जास्त लोकांनी नाव नोंदवलं. 'शिकायचं तर जावं लागेल' ही अट गळून पडली. ती गळली नसती तर मी या क्षेत्रात आलेच नसते.

काय शिकवायचं यावरही तुमच्या पूर्वसुरींनी घाम गाळला आहे. जीआयएस शिकवण्यासाठी १९९० मध्ये अमेरिकेत तयार झालेला मूळ अभ्यासक्रम ७५ घटकांचा होता. २००६ मध्ये या विद्येचा जो ज्ञानकोश ठरला त्यात १० क्षेत्रं, ७३ घटक आणि ३२९ विषय आहेत. एवढी बारकाईने आखलेली यादी दुसऱ्या फार थोड्या नव्या विषयांकडे असेल. माझं भांडण त्या यादीशी नाही. ती यादी ज्याच्यापर्यंत पोचवायची तो कुठे आहे हे न पाहता सगळ्यांना एकच डबा पाठवण्याशी आहे.

डबा म्हणजे काय ते सांगते. माझी पहिली मोठी असाइनमेंट होती अग्निशमन केंद्रासाठी जागा शोधण्याची. शहर मी कधी न पाहिलेलं. रस्त्यांचा लेयर, म्हणजे एकाच प्रकारच्या माहितीचा थर, तसाच लोकवस्तीचा, उताराचा. सगळे एकाच प्रोजेक्शनमध्ये, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायच्या एकाच पद्धतीत, एकही पॉलिगॉन (बंद आकृती) उघडा नाही, अॅट्रिब्यूट टेबलमध्ये एकही चौकट रिकामी नाही. बफर (ठरावीक अंतरापर्यंतचा पट्टा) काढला, ओव्हरले केला (थर एकमेकांवर ठेवले), वजनं देऊन बेरीज केली, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण ठेवला, पीडीएफ पाठवली. उत्तम गुण मिळाले. शेऱ्यात लिहिलं होतं, 'छान काम, रंगसंगती आवडली.'

नोकरीतल्या पहिल्याच पंधरवड्यात माझ्यासमोर दोन लेयर आले. एक, जुन्या कागदी नकाशावरून कुणीतरी डिजिटाइझ केलेल्या विहिरी. दुसरा, जीपीएसने नव्याने मोजलेले रस्ते. विहिरींच्या फाइलसोबत पीआरजे फाइल नव्हती, म्हणजे आकडे कुठल्या संदर्भप्रणालीतले हे लिहिलेलंच नव्हतं. कोर्समध्ये मला 'डिफाइन प्रोजेक्शन' आणि 'प्रोजेक्ट' ही दोन्ही बटणं शिकवली होती. पहिलं बटण नुसती पाटी लावतं, दुसरं खरोखर आकडे बदलतं, हेही तोंडपाठ होतं. पण पाटी कुठली लावायची हे ठरवायचं कसं? ते कुठेच नव्हतं, कारण सरावाच्या प्रत्येक फाइलवर पाटी आधीच लावलेली असायची. मी सवयीने डब्ल्यूजीएस ८४ ची, म्हणजे जीपीएस वापरतं त्या संदर्भप्रणालीची, पाटी लावली. विहिरी रस्त्यांच्या आसपास जाऊन बसल्या, पडद्यावर सगळं ठीक दिसलं, मी अंतरं मोजून तक्ता दिला.

चार दिवसांनी जागेवर जाऊन आलेला सहकारी म्हणाला, "बाई, ही विहीर रस्त्याच्या अलीकडे आहे. तुमच्या नकाशात पलीकडे."

जुना नकाशा जुन्या डेटमवर, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायच्या जुन्या पायावर, होता, विहिरी काहीशे मीटर सरकल्या होत्या. ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. जगभरातले जुने नकाशे आपापल्या डेटमवर आहेत. कुणी जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये धरलेल्या पृथ्वीच्या लंबगोल आकारावर मोजलेले, कुणी उत्तर अमेरिकेच्या १९२७ च्या डेटमवर. चीनमध्ये तर आजही सार्वजनिक नकाशांना जीसीजे-०२ ही मुद्दाम सरकवलेली प्रणाली लावतात, त्यामुळे जीपीएसचा मार्ग अशा नकाशावर टाकला की तो काहीशे मीटर बाजूला पडतो. तिथला तुमचा विद्यार्थी 'सगळं डब्ल्यूजीएस ८४ मध्ये असतं' असं शिकून कामाला लागला तर पहिल्याच दिवशी तोंडघशी पडेल. माझी चूक शिकताना व्हायला हवी होती, जिथे तिची किंमत चार गुण असती. ती झाली नाही, कारण तुम्ही मला चूक करण्याजोगं काही दिलंच नाही.

सरावाचा डेटा किती सोवळा असतो बघा. उपग्रहाच्या प्रतिमेत ढग नसतात. उष्ण कटिबंधात पावसाळ्यात सेंटिनेल-२ दर पाच दिवसांनी डोक्यावरून जातो आणि महिना-महिना पांढऱ्या कापसाशिवाय काही दाखवत नाही. पण कोर्समधलं दृश्य कायम निरभ्र. पत्ते घर क्रमांकासकट असतात, म्हणून जिओकोडिंग, म्हणजे पत्त्यावरून नकाशावरचा बिंदू शोधणं, एका झटक्यात होतं. जिथे पत्ता 'शाळेमागे, पिंपळाजवळ' असा असतो तिथल्या विद्यार्थ्याने काय करायचं? आणि १८५४ च्या लंडनमधला कॉलरा. कॉलऱ्याचे मृत्यू नकाशावर मांडून साथीचा माग एका पंपाच्या पाण्यापर्यंत नेणाऱ्या डॉ. जॉन स्नो यांच्याबद्दल मला अपार आदर आहे, पण त्यांचा नकाशा मी तीन वेगवेगळ्या कोर्समध्ये तीनदा केला आणि ब्रॉड स्ट्रीटवरचा पंप तिन्ही वेळा सापडला. न सापडण्याची सोयच नव्हती.

आता मागणी सांगते. प्रत्येक विषयातले किमान एक तृतीयांश गुण विद्यार्थ्याच्या स्वतःच्या जागेवर, त्याने स्वतः मिळवलेल्या किंवा तपासलेल्या डेटावर ठेवा. आणि तुकडीतल्या सगळ्यांना एकच पद्धत आपापल्या जागी वापरायला लावून ती कुणाकडे कुठे फसते हे एकमेकांना दाखवायला लावा.

हे ऐकायला साधं वाटतं, म्हणून एक उदाहरण पुरतं सांगते. पुराचा नकाशा घ्या. सेंटिनेल-१ या उपग्रहाचं रडार ढगांतून आणि रात्रीही पाहतं, त्यामुळे पूर टिपायला ते सर्वांत सोयीचं. तत्त्व सोपं आहे. संथ पाण्याचा पृष्ठभाग रडारच्या लहरीला आरशासारखा असतो. तिरपी आलेली लहर पलीकडे निघून जाते, उपग्रहाकडे परत येत नाही, म्हणून पाणी प्रतिमेत काळं दिसतं. एक मर्यादा ठरवायची, तिच्याखालचं सगळं पाणी समजायचं. तुमच्या कोर्समध्ये हे एका निवडक नदीवर शिकवतात, तिथे ते सुरेख चालतं.

आता हेच चार जणांना चार ठिकाणी करू द्या. वाळवंटाच्या कडेच्या विद्यार्थ्याला भर उन्हाळ्यात मैलोन्‌मैल पूर आलेला दिसेल, कारण कोरडी सपाट वाळूही लहर परत पाठवत नाही. डोंगरातल्या विद्यार्थिनीला प्रत्येक कड्यामागे तळं सापडेल. ती रडारची सावली आहे, लहर तिथे पोचलीच नाही. मोठ्या तळ्याकाठच्याला वाऱ्याच्या दिवशी तळंच गायब झालेलं दिसेल, कारण लाटांनी पाणी खडबडीत झालं आणि लहर परतली. आणि नदीकाठच्या जंगलातल्या चौथीला सर्वांत मोठा धक्का: तिच्याकडे पूर काळा नाही, लख्ख पांढरा दिसतो, कारण लहर पाण्यावरून उसळून झाडाच्या खोडावर आपटते आणि तिथून सरळ उपग्रहाकडे परत जाते. चौघांची फाइल बरोबर, पायऱ्या बरोबर, चौघांचे नकाशे चूक.

हे चारही अपवाद एका स्लाइडवर मावतात. मी तशी स्लाइड पाहिली आहे, परीक्षेत लिहिलीही आहे, आणि नंतर विसरले आहे. पण जिने आपल्या ओळखीच्या टेकडीमागे नसलेलं तळं पाहिलं, ती जन्मात विसरणार नाही. शेजारच्या तिघांची फजिती पाहून तिला तेही कळेल जे तिच्या डोंगरात कधीच दिसलं नसतं. कुठल्याही नामांकित कॅम्पसवरच्या वर्गाला हे करता येत नाही, कारण तिथले वीसच्या वीस विद्यार्थी एकाच शहरात, एकाच नदीच्या काठी बसलेले असतात. तुमच्याकडे वीस जण वीस प्रदेशांत आहेत. दूरशिक्षणाला लोक दुय्यम समजतात आणि तुम्हीही माहितीपत्रकात 'कॅम्पसइतकंच चांगलं' असं काहीसं ओशाळून लिहिता. इथे तुम्ही कॅम्पसच्या पुढे आहात, आणि नेमकी हीच गोष्ट तुम्ही तयार डेटाच्या झिप फाइलखाली गाडून टाकली आहे.

प्रत्यक्ष पडताळणीचंही तसंच. जमीनवापराच्या वर्गीकरणाची अचूकता तपासायला कोर्समध्ये तयार बिंदू देतात. ते बिंदू कुणी, कधी, कशावरून ठरवले याचा पत्ता नसतो. त्याऐवजी विद्यार्थ्याला म्हणा, तुझ्या चालण्याच्या टप्प्यातले तीस बिंदू मोबाइल घेऊन तपासून ये. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलची चूक पाचेक मीटरची असते, सेंटिनेल-२ चा पिक्सेल १० मीटरचा. म्हणजे पिक्सेलच्या कडेला उभं राहिलं तर आपण नेमके कुठल्या पिक्सेलमध्ये आहोत याची खात्री नाही. हे तिथे उन्हात उभं असताना कळणं आणि व्याख्यानात ऐकणं यांत फार फरक आहे. प्रतिमेत 'झुडपं' म्हणून आलेली जागा जवळून पाहिली की कुंपणावरचा वेल निघते, तेव्हा वर्गवारीचे शब्द किती मोघम होते हेही उमगतं.

तुमचे आक्षेप मला माहीत आहेत, मीही ते घेतलेले आहेत. पहिला, तपासायचं कसं? प्रत्येकाचा डेटा वेगळा, बरोबर उत्तर कुणाकडेच नाही. खरं आहे. म्हणून नकाशाला गुण देणं कमी करा आणि टिपणाला द्या: डेटा कुठून आला, कशावर विश्वास ठेवला आणि का, कुठे चुकला, चूक कशी पकडली. नोकरीतही वरिष्ठ हेच विचारतात. शिवाय ठरावीक डेटाच्या असाइनमेंटची उत्तरं आता इंटरनेटवर तयार मिळतात, आणि जी मिळत नाहीत ती एआयकडून दोन मिनिटांत लिहून घेता येतात. स्वतःच्या टेकडीमागच्या खोट्या तळ्याबद्दल मात्र विद्यार्थ्याला स्वतःच लिहावं लागेल. नक्कल शोधायच्या सॉफ्टवेअरवर जो पैसा जातो त्यातला थोडा ट्यूटरच्या तासांकडे वळवा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मी माझ्याच मागणीवर घेते. काही देशांत मोजणी करायला, ड्रोन उडवायला, अगदी उच्च अचूकतेचे बिंदू गोळा करायलाही परवाना लागतो. सीमेजवळ किंवा लष्करी हद्दीजवळ मोबाइल हातात धरून चकरा मारणारा माणूस संशयाने पाहिला जातो. एकट्या बाईला संध्याकाळी शिवारात जाणं प्रत्येक ठिकाणी शक्य नसतं. तेव्हा 'बाहेर जाऊन मोजा' हा हुकूम सरसकट काढू नका. पर्याय ठेवा: जुन्या खुल्या नकाशाशी तुलना, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून केलेली नोंद, कार्यालयातला डेटा परवानगीने. आणि विद्यार्थ्याकडून सुरुवातीलाच अर्ध्या पानाची नोंद मागवा: माझ्या देशात मोजणीचे आणि नकाशा प्रसिद्ध करण्याचे नियम काय आहेत, कुणाच्या घराचे किंवा जमिनीचे तपशील मी बाहेर देणार नाही. गोपनीयतेवरच्या एका अख्ख्या व्याख्यानापेक्षा त्या अर्ध्या पानाने जास्त काम होईल.

आता काही किरकोळ गोष्टी, ज्या किरकोळ म्हणूनच वर्षानुवर्षं राहून गेल्या आहेत.

असाइनमेंट 'शुक्रवारी मध्यरात्रीपर्यंत' द्यायची असते. कुणाची मध्यरात्र? पृथ्वी तासाला १५ अंश फिरते हे ज्या कोर्सच्या दुसऱ्या धड्यात आहे, त्याच्या वेळापत्रकात टाइम झोन लिहिलेला नसतो. मी एकदा पाच तास उशिरा असाइनमेंट दिली असं ठरलं आणि गुण कापले गेले. माझ्या घड्याळात तेव्हा शुक्रवारच होता. लाइव्ह चर्चासत्र तर दोन वर्षं माझ्या मध्यरात्रीनंतर होत होतं. वेळ आळीपाळीने बदला. एका सत्रात तुम्ही पहाटे उठा.

दुसरं, डेटा. बारा-बारा जीबीची झिप फाइल 'या आठवड्यात उतरवून घ्या' म्हणून येते. ज्याच्याकडे तुटक इंटरनेट आहे त्याचा आठवडा ती उतरवण्यातच जातो, आणि नव्वद टक्क्यांवर कनेक्शन गेलं की पुन्हा पहिल्यापासून. गंमत अशी की त्याच कोर्समध्ये तुम्ही क्लाउड ऑप्टिमाइझ्ड जिओटिफ हा प्रतिमांचा फाइलप्रकार शिकवता, ज्याची खुबीच ही की अख्खी फाइल न उतरवता हवा तेवढाच तुकडा वाचता येतो. २०२३ मध्ये ओजीसी या भूमाहितीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने त्याला मानक म्हणून मान्यताही दिली. शिकवता ते स्वतः वापरा एवढंच म्हणणं आहे.

तिसरं, लिपी. शेपफाइल या जीआयएसमधल्या प्रचलित फाइलप्रकारात रकान्याच्या नावाला दहा अक्षरांची मर्यादा आहे, आणि तीही रोमन अक्षरं धरून. देवनागरी, अरबी किंवा थाई मजकूर भरून फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हांनी भरतात. सोबत सीपीजी ही छोटी फाइल ठेवून एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं कुठल्या सांकेतिक पद्धतीत साठवली ते, सांगावं लागतं, किंवा सरळ जिओपॅकेज हा दुसरा फाइलप्रकार वापरावा लागतो. निम्म्या जगाला रोज भेडसावणारी ही गोष्ट मला कुठल्याही धड्यात दिसली नाही. कारण उघड आहे: ज्यांनी धडे लिहिले त्यांच्या फाइलीत प्रश्नचिन्हं कधी उमटलीच नाहीत.

सॉफ्टवेअरबद्दल जरा सावकाश बोलते, कारण इथे लोक लगेच बाजू घेतात. मी मुक्त सॉफ्टवेअरचा झेंडा घेऊन आलेली नाही. नोकरीच्या जाहिरातींत आर्कजीआयएस हे विकतचं सॉफ्टवेअर मागतात, तर ते शिकवायलाच हवं. पण विद्यार्थ्याला मिळणारं लायसन्स ठरावीक मुदतीचं असतं. ते संपलं की स्वतःच्या प्रबंधाची प्रोजेक्ट फाइल त्यालाच उघडत नाही. मी माझ्या प्रबंधाचे नकाशे असेच गमावले. पीडीएफ तेवढ्या उरल्या. आणि ज्यांनी बटणांच्या जागा पाठ करून पदवी मिळवली त्यांची दुसरी पंचाईत: आर्कजीआयएसमधल्या आर्कमॅप या जुन्या प्रोग्रामचा आधार बंद होण्याची तारीख १ मार्च २०२६ ठरली, आणि पंधरा-वीस वर्षांची बोटांची सवय एका तारखेला निकालात निघाली. २००२ मध्ये एका माणसाने सुरू केलेलं क्यूजीआयएस हे मुक्त सॉफ्टवेअर आज रोजच्या कामाला पुरून उरतं. प्रत्येक पद्धत दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये एकेकदा करून घ्या आणि उत्तरं जुळत नसतील तर का जुळत नाहीत ते विचारा. बहुतेक वेळा ती खरंच जुळत नाहीत. डीफॉल्ट वेगळे असतात, अंतर सपाट कागदावर मोजायचं की वक्र पृथ्वीवर हे प्रत्येक सॉफ्टवेअर गुपचूप ठरवत असतं. डिग्रीमधल्या लेयरवर मीटर समजून ५०० चा बफर मागितला की एक सॉफ्टवेअर ५०० अंशांचं वर्तुळ काढायला निघतं, ज्यात अख्खी पृथ्वी बुडून वर उरेल. दुसरं आधी सावध करतं. हा फरक ज्याने पाहिला त्याला तिसरं सॉफ्टवेअर शिकायला आठवडा पुरतो.

प्रमाणपत्राबद्दल थोडक्यात. तुमची माहितीपत्रकं 'आंतरराष्ट्रीय मान्यता' हा शब्द फार सैल वापरतात. विद्यापीठाला त्याच्या देशात मान्यता असणं वेगळं, ती पदवी दुसऱ्या देशातल्या नोकरभरतीत ग्राह्य धरली जाणं वेगळं, आणि व्यवसायाचं प्रमाणन तिसरंच. युनेस्कोचा उच्च शिक्षणातल्या पात्रतांच्या मान्यतेचा जागतिक करार २०१९ मध्ये मंजूर झाला, २०२३ मध्ये अमलात आला. त्यावर सह्या न केलेले देश अजून पुष्कळ आहेत. जीआयएसपी हे व्यावसायिक प्रमाणन पदवीच्या कागदावर मिळत नाही. चार वर्षांचा अनुभव लागतो, आणि २०१५ पासून परीक्षाही. हे सगळं फी भरण्याआधीच्या पानावर लिहा, नंतरच्या नाही. माझ्याकडे दरवर्षी दोन-तीन तरी माणसं येतात जी म्हणतात, "पदवी झाली, पण इथे कुणी धरत नाही." त्यांना मी काय सांगू?

ट्यूटरचंही जाता जाता. मला एका असाइनमेंटमागे जेवढा वेळ धरून मानधन मिळतं तेवढ्यात पीडीएफ पाहून 'छान काम' लिहिणंच होतं. प्रोजेक्ट फाइल उघडून, लेयरची संदर्भप्रणाली तपासून, टेबलमधल्या दोन-चार ओळी वाचून शेरा द्यायचा तर तिप्पट वेळ लागतो. माझ्या पहिल्या असाइनमेंटवर रंगसंगतीचं कौतुक करणाऱ्या ट्यूटरला मी बरीच वर्षं मनातून बोल लावत होते. आता लावत नाही.

पुढच्या तुकडीच्या अर्जापासून सुरुवात करता येईल. देशाच्या रकान्याखाली आणखी एक रकाना घाला: 'तुम्ही जिथे बसून शिकणार त्या जागेचे अक्षांश-रेखांश'. दोन दशांश स्थळं पुरेत. साधारण एक किलोमीटरचा अंदाज येतो, कुणाचं घर कळत नाही. आलेले बिंदू कसलीही साफसफाई न करता जसेच्या तसे नकाशावर टाका आणि पहिल्या दिवशी तुकडीला दाखवा. काही जणांनी अक्षांश-रेखांशांची अदलाबदल केलेली असेल, ते भलत्याच समुद्रात सापडतील. कुणी अंश-मिनिटांचे आकडे दशांश म्हणून लिहिले असतील, ते शेजारच्या जिल्ह्यात. आणि ज्यांनी रकाना रिकामा सोडला ते सगळे शून्य अक्षांश, शून्य रेखांशावर, गिनीच्या आखातात एकमेकांच्या अंगावर पडलेले असतील. त्या नकाशावरून पहिला धडा घ्या.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी आणि अर्धवेळ ट्यूटर